वर केलेला हात वर्गाला दिसावा म्हणून

१९०४ साली गुजरातमधील लिमली गावचा एक तेवीस वर्षांचा तरुण संस्कृत शिकण्यासाठी काशीला आला. सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात त्याची दृष्टी गेली होती. काशीतील यशोविजय जैन पाठशाळेत त्याचे अध्ययन सुरू झाले, तेव्हा त्याच्याजवळ साधने तीनच होती : दुसऱ्याचा आवाज, स्वतःचे कान आणि स्मरण. कुणीतरी ग्रंथ वाचायचा, त्याने तो ऐकायचा, मनात लावायचा आणि शंका विचारायची. हाच तरुण पुढे पंडित सुखलाल संघवी या नावाने भारतीय दर्शनशास्त्रातील मोठा अभ्यासक ठरला. १९३३ ते १९४४ या काळात त्यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शन शिकवले आणि १९५८ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विश्वविद्यालयात त्यांना ग्रंथ वाचून दाखवण्याचे काम करणारे दलसुख मालवणिया पुढे त्यांच्याच जागी अध्यापन करू लागले.

ही कथा बहुधा एका माणसाच्या जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. जिद्द तर होतीच. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट होती, ती सहसा नजरेतून सुटते. काशीची जुनी पाठशाळा ही मुळात कानांची शाळा होती. वेद पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा रीतींनी मुखोद्गत केले जात. शास्त्रार्थ तोंडी होई. गुरूने जे शिकवायचे ते उच्चारायचे, हा तिथला रिवाज होता. अशा वर्गात न पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान तुलनेने कमी होई, कारण जे काही चालले आहे ते आवाजातूनच चालले होते. ती पाठशाळा सर्वांसाठी खुली नव्हती. जात आणि लिंग यांच्या भिंती तिथे भक्कम होत्या. परंतु फळा, छापील आकृती आणि पुढे पडद्यावरील चित्रे वर्गात आल्यावर एक नवी भिंत उभी राहिली, हेही तितकेच खरे. “हे इथून तिकडे नेले, म्हणजे हे असे झाले,” असे म्हणत शिक्षक खडूने रेघ ओढतात, तेव्हा पहिल्या बाकावर बसलेला अंध विद्यार्थी वर्गात असूनही वर्गाबाहेर असतो. अंतर नेहमी किलोमीटरमध्येच मोजता येते असे नाही.

दूरस्थ शिक्षणाच्या तंत्रज्ञानाकडे पाहताना हे आधी ध्यानात घ्यायला हवे. दिव्यांग विद्यार्थ्याला घरी बसून वर्गात सामील होता येईल का, या प्रश्नाचे उत्तर आज ‘होय’ असे देता येते. पण ते उत्तर उपकरणावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक वर्गाच्या वागणुकीवर अवलंबून आहे.

वाराणसीनेच याचा एक कठोर धडा अलीकडे पाहिला. दुर्गाकुंड परिसरात श्री हनुमान प्रसाद पोद्दार अंध विद्यालय आहे. पूर्वांचलातून आणि बिहारमधूनही दृष्टिहीन मुले शिकण्यासाठी तेथे येत. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, तेथील नववी ते बारावीचे वर्ग बंद करण्यात आले. २०२१ मध्ये विद्यार्थी या निर्णयाविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि आंदोलनाची वार्ता देशभर पोहोचली. काळाचा योगायोग विलक्षण होता. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम ई-विद्या’ ही योजना जाहीर केली होती. शाळा आता दूरचित्रवाणीवर आणि मोबाईलवर आली आहे, असे सर्वत्र सांगितले जात होते. नेमक्या त्याच काळात हे विद्यार्थी मागत होते ती मात्र भिंती असलेली, वसतिगृह असलेली, ब्रेल पुस्तके असलेली शाळा.

त्यांची मागणी तंत्रज्ञानाविरुद्धची नव्हती. निवासी अंध विद्यालयात मूल केवळ इतिहास-भूगोल शिकत नाही. पांढऱ्या काठीने रस्ता ओलांडणे, ब्रेल पाटीवर लोखंडी टोच्याने उजवीकडून डावीकडे लिहिणे, ताटातील पदार्थ हाताने ओळखून जेवणे, मित्राच्या खांद्यावर हात ठेवून बाजारात जाणे, हे सारे ते तिथे शिकते. यातील बरेचसे पडद्यातून पाठवता येत नाही. म्हणून दूरस्थ वर्ग शाळेची जागा घेऊ शकतो का, हा प्रश्नच चुकीचा आहे. तो वर्ग शाळेचा हात किती लांब करू शकतो, हे विचारले पाहिजे.

आणि हात खूपच लांब होऊ शकतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर तयार करायला घेतला. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी ही आज्ञावली विनामूल्य मिळते आणि मराठी-हिंदीही वाचते. साध्या अँड्रॉइड मोबाईलमध्ये ‘टॉकबॅक’ असतेच. पंडित सुखलालजींना वाचक माणूस लागत असे. आज दहावीतल्या मुलाच्या खिशात वाचक असतो आणि तो रात्री दोन वाजताही थकत नाही.

मात्र हा वाचक अत्यंत प्रामाणिक आहे. त्याच्यापुढे जे ठेवले तेच तो वाचतो, आणि अडचण इथेच सुरू होते. समजा, शिक्षकांनी हिंदीत टाचण टाइप करून विद्यार्थ्यांच्या गटावर पाठवले. उत्तर भारतात ‘कृतिदेव’ या फॉन्टचा वापर अनेक वर्षे सर्रास होत आला आहे. त्यात डोळ्यांना ‘काशी’ असा शब्द दिसतो. पण संगणकाच्या स्मृतीत तिथे ‘काशी’ नसतेच. तिथे इंग्रजी डी, के, एकेरी अवतरणचिन्ह, पुन्हा के आणि शेवटी एच अशी अक्षरे साठवलेली असतात. फॉन्टने या इंग्रजी अक्षरांना देवनागरीचे कपडे चढवलेले असतात, एवढेच. डोळस विद्यार्थी कपडे पाहतो. स्क्रीन रीडर आतले अक्षर वाचतो. त्यामुळे अंध विद्यार्थ्याच्या कानावर येते ते असंबद्ध इंग्रजी अक्षरांचे कडबोळे. मराठीतही युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये साठवलेल्या मजकुराची हीच गत आहे. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, म्हणून त्यात टाइप केलेला मजकूर वाचता येतो, शोधता येतो आणि ब्रेलमध्ये उतरवताही येतो. केवळ युनिकोडमध्ये टाइप करण्याची सवय लागली तरी त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक संपूर्ण ग्रंथालय उघडते. त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

छायाचित्राचा प्रश्न आणखी बिकट. वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवणे शिक्षकांना सोपे वाटते. पण स्क्रीन रीडरला त्या फोटोत अक्षरे दिसत नाहीत, नुसते चित्र दिसते, आणि तो ‘प्रतिमा’ एवढेच म्हणून पुढे जातो. चित्रातून अक्षरे ओळखणारी तंत्रे आहेत आणि ती झपाट्याने सुधारतही आहेत. देवनागरीत मात्र शिरोरेषेमुळे शब्दातील अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात, त्यात जोडाक्षरांची गर्दी असते. त्यामुळे हे काम रोमन लिपीपेक्षा कठीण होते. हस्ताक्षर घाईचे असेल, कागदावर सावली पडली असेल, तर यंत्र हमखास चुकते. मूळ मजकूर मजकूर म्हणूनच पाठवला तर ही सारी कसरत टळते.

गणितात तर साध्या बोलण्यातही खड्डे असतात. “एक्स अधिक एक भागिले दोन,” असे शिक्षक म्हणाले. आता दोनाने काय भागायचे? एक्स आणि एक यांची बेरीज, की नुसता एक? फळ्यावर भागाकाराची आडवी रेघ किती लांब आहे ते पाहून डोळस विद्यार्थी क्षणात ठरवतो. केवळ ऐकणाऱ्याला दोन वेगवेगळी समीकरणे मिळू शकतात आणि दोन्ही तितकीच शक्य असतात. अमेरिकेतील अंध गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांनी ही संदिग्धता दूर करण्यासाठी गणिताची स्वतंत्र ब्रेल लिपी घडवली. १९५२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. संगणकासाठी १९९८ पासून ‘मॅथएमएल’ ही मांडणीपद्धत उपलब्ध आहे. तिच्यात समीकरण चित्र म्हणून साठवले जात नाही, त्याची रचनाच साठवली जाते, त्यामुळे अपूर्णांक कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे यंत्राला सांगता येते. शिक्षकाकडे यातले काही नसले तरी एक उपाय असतोच : “अंशस्थानी एक्स अधिक एक, छेदस्थानी दोन,” असे म्हणायचे. गंमत अशी, की वर्गातल्या ज्या डोळस मुलांना अपूर्णांकांची भीती वाटते, त्यांनाही या वाक्याने मदत होते.

आकृतीचे काय? पेशीची रचना किंवा भिंगातून जाणारा किरण शब्दांत सांगता येतो, पण पुरेसा नाही. इथे बोटांना काम द्यावे लागते. दिल्लीच्या आयआयटीत उंचावलेल्या रेषांच्या स्पर्शाकृतींवर महत्त्वाचे काम झाले आहे. अशी पुस्तके इंटरनेटवरून येत नाहीत. ती टपालाने येतात. अंधांसाठीचे साहित्य सात किलोपर्यंतच्या वजनाचे असले तर भारतीय टपाल खाते साध्या टपालाने ते विनाशुल्क पोहोचवते. दूरस्थ वर्ग म्हटल्यावर डोळ्यांपुढे उपग्रह आणि तंतुवाहिनी येतात. पोस्टमनची पिशवीही त्याच व्यवस्थेचा भाग आहे, हे विसरून चालणार नाही.

अंध विद्यार्थ्याला जे वर्गात दिसते ते ऐकू यायला हवे. कर्णबधिर विद्यार्थ्याला जे ऐकू येते ते दिसायला हवे. येथेही पडदा मदत करतो आणि पडदाच आडवा येतो. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी बोललेली हिंदी किंवा मराठी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्न, नकार, तीव्रता यांतले बरेच काही भुवया, ओठ आणि खांदे यांतून व्यक्त होते. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. २०२१ पर्यंत तो दहा हजार शब्दांवर गेला. ६ डिसेंबर २०२४ रोजी ‘पीएम ई-विद्या’ची एकतिसावी वाहिनी खास भारतीय सांकेतिक भाषेसाठी सुरू झाली. ज्या मुलाच्या गावात त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारे कुणी नाही, त्याच्यासाठी अशा वाहिनीचे मोल फार मोठे आहे.

परंतु वाहिनी एका दिशेने वाहते. वर्ग दोन्ही दिशांनी वाहायला हवा. थेट वर्गात दुभाषी पडद्याच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा दिसत असेल, तर बोटांच्या खुणा एकमेकींत मिसळतात. जोडणी मंद झाली की व्हिडिओ प्रणाली आधी चित्रे गाळू लागते. बोलणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही, पण सांकेतिक भाषेला सेकंदाला साधारण वीस ते पंचवीस चित्रे लागतात. त्याहून कमी झाली, की मधली हालचाल नाहीशी होते आणि अर्थ तुटतो. शिवाय डोळे दोनच असतात. शिक्षक आकृती दाखवता दाखवता बोलत राहिले, तर ऐकणारा विद्यार्थी आकृती पाहत ऐकतो. कर्णबधिर विद्यार्थ्याला मात्र आकृती आणि दुभाषी यांपैकी एकाची निवड करावी लागते. उपाय पुन्हा साधाच आहे. आकृती दाखवायची, क्षणभर गप्प राहायचे, मग बोलायचे.

यंत्राने आपोआप उमटवलेली शब्दपट्टीही उपयोगी आहे. पण ती विज्ञानाच्या तासाला विशेष अडखळते. ‘आम्लाचा परिणाम’ याचा ‘अंमलाचा परिणाम’ होऊ शकतो, आणि ज्याने मूळ शब्द ऐकलाच नाही त्याला चूक कळण्याचा मार्ग नसतो. तासापूर्वी दहा-बारा पारिभाषिक शब्द लिहून पाठवले, तर विद्यार्थी चुकीच्या शब्दाआडचा खरा शब्द ओळखू शकतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलासाठी तर शिक्षकांच्या कॉलरवरचा छोटा मायक्रोफोन फार मोठे काम करतो. श्रवणयंत्र आवाज वाढवते, पण त्याबरोबर पंख्याची घरघर आणि बाकांचा खडखडाटही वाढवते. मायक्रोफोन तोंडाजवळ आला, की शिक्षकांचा आवाज गोंगाटापासून वेगळा होतो.

आता तिसऱ्या प्रकारचे अंतर. वाराणसीत गंगेच्या काठी ८४ घाट आहेत आणि त्यांतील ब्रह्माघाटाच्या आसपास मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. दगडी वाडे, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावे अशा गल्ल्या, आणि जागोजागी पायऱ्या. अशा एखाद्या घरातील एका काल्पनिक मुलीचा विचार करावा. तिला स्नायूंचा क्षय करणारा आजार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगता मान्य केल्या त्यांत तो आहे. पाचवीपर्यंत वडील तिला कडेवर घेऊन खाली उतरवत. आठवीत ते वडिलांना आणि काकांना मिळूनही जमेना. चाकाची खुर्ची घरात आहे, पण गल्लीत ती चालत नाही. शाळा पाऊण किलोमीटरवर आहे. तिच्या दृष्टीने तेथवरच्या पायऱ्यांची संख्या हेच खरे अंतर.

अशा मुलीसाठी २०१५ मध्ये नॉर्वेतील ओस्लो येथे स्थापन झालेल्या ‘नो आयसोलेशन’ या संस्थेने एक छोटा यंत्रमानव तयार केला. त्याचे नाव ‘एव्ही-वन’. तो वर्गात मुलाच्या बाकावर बसतो. घरी असलेले मूल मोबाईलवरून त्याची मान वळवते, त्याच्या डोळ्यांनी पाहते, त्याच्या तोंडून बोलते. प्रश्न विचारायचा असेल तेव्हा त्याच्या डोक्यावरचा दिवा लुकलुकतो. त्यात एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे : मुलाचा चेहरा वर्गाला दिसत नाही. आजारी मुलाला अंथरुणात, विस्कटलेल्या केसांनी सर्वांपुढे यावे लागत नाही. तंत्रज्ञान घडवताना मुलाचा मान राखला गेला, तर ते कसे दिसते याचे हे उदाहरण आहे.

ब्रह्माघाटावरच्या घरात असा यंत्रमानव येण्याची शक्यता कमी. पण त्याचे तत्त्व येऊ शकते. शाळेने जुना मोबाईल एका साध्या स्टँडवर पहिल्या बाकावर ठेवला आणि घरून ती मुलगी त्यावर जोडली गेली. पहिल्या दिवशी तिला काय दिसेल? छताचा पंखा, फळ्याचा डावा कोपरा आणि बराच वेळ शिक्षकांची पाठ. तिने हात वर केला तरी तो कुणाला दिसणार नाही, कारण मोबाईलचा पडदा मुलांच्या बाजूला आणि शिक्षक फळ्याकडे. चौथ्या दिवशी ती हात वर करणे सोडून देईल. हजेरीपत्रकात ‘उपस्थित’ अशी नोंद मात्र रोज होत राहील. दूरस्थ शिक्षणाचे सर्वांत फसवे अपयश हेच : आकडेवारीत ते यश म्हणून नोंदले जाते.

आता दुसरी मांडणी. बाकावरच्या मैत्रिणीकडे मोबाईल सांभाळण्याची जबाबदारी दिली. ती फळ्याकडे, प्रयोगाकडे, बोलणाऱ्या मुलाकडे मोबाईल वळवते. घरून प्रश्न आला की ती उभी राहते आणि म्हणते, “सर, तिला विचारायचं आहे.” गटकार्यात घरी असलेल्या मुलीकडे नोंदी ठेवण्याचे काम येते. मधल्या सुट्टीत मोबाईल बंद होत नाही. डब्यात काय आहे, कोणाचे कोणाशी भांडण झाले, हेही तिला कळते. यंत्र तेच, जोडणी तीच. फरक वर्गाने केला.

इथे विज्ञानाचा एक बारकावा जाणण्यासारखा आहे. इंटरनेटवरून आवाज पोहोचायला वेळ लागतो. एका दिशेचा विलंब साधारण १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण स्वाभाविक वाटते. ४०० च्या पुढे गेला तर माणसे एकमेकांच्या बोलण्यावर आदळू लागतात. शिक्षकांनी “कोण सांगेल?” असे विचारले, की वर्गातील हात तत्क्षणी वर जातात. घरच्या मुलीपर्यंत प्रश्न पोहोचून तिचा आवाज परत येईपर्यंत उत्तर दिलेले असते. ती हुशारीत मागे नसते, जोडणीत मागे असते; पण वर्गाला आणि हळूहळू तिलाही यातला फरक कळेनासा होतो.

यावरचा उपाय अर्धशतकापूर्वीच सापडला आहे, आणि तो दिव्यांग मुलांसाठी शोधलेला नव्हता. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात, असे त्यांना आढळले. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली, की मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक होतात, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात, मुलांकडून प्रश्नही जास्त येतात. दूरच्या मुलीसाठी शिक्षक तीन सेकंद थांबले, तर शेवटच्या बाकावरच्या लाजऱ्या मुलालाही तोंड उघडायला वेळ मिळतो. जी सोय एका मुलासाठी केली ती साऱ्या वर्गाची होते, याचा याहून स्वस्त पुरावा मिळणे कठीण.

मग हे सर्वत्र का होत नाही? साधने अगदीच नाहीत असे नव्हे. २२ जानेवारी २०१६ रोजी वाराणसीत पंतप्रधानांच्या हस्ते दिव्यांगांना मोठ्या प्रमाणावर साहाय्यक साधने वाटण्यात आली. २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी ई-साहित्य कसे तयार करावे याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कायदाही दुबळा नाही. लक्षणीय दिव्यांगता असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशींच्या स्वरूपात न राहता बंधनकारक असावेत, असे स्पष्ट केले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग मानला. साधन देता येते, नियम करता येतो. शिक्षकांची बोलण्याची, लिहिण्याची आणि थांबण्याची सवय मात्र रोज, प्रत्येक तासाला, नव्याने घडवावी लागते. तिचे वाटप कोणत्याही समारंभात होत नाही.

आणि एक धोकाही आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगता असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क दिला. यातील कळीचा शब्द ‘निवडण्याचा’ हा आहे. निवड मुलाची आणि पालकांची. “तुमच्या मुलीसाठी आम्ही ऑनलाइन सोय करतो,” हे वाक्य कधी मदतीचे असते, तर कधी शाळेने उतरंड न बांधण्याचे, प्रसाधनगृह न सुधारण्याचे, दुभाषी न नेमण्याचे सभ्य कारण असते. दोन्ही वेळा शब्द तेच असतात. फरक ओळखण्याची कसोटी एकच : उद्या त्या मुलीने शाळेत प्रत्यक्ष यायचे ठरवले, तर तिच्यासाठी दार उघडे आहे का? तसे असेल, तर पडदा ही खिडकी आहे; नसेल, तर ती भिंतच आहे, केवळ उजळलेली.

वाराणसीजवळच्या माधोपूर येथील ‘किरण’ या संस्थेचे काम या संदर्भात आठवते. स्वित्झर्लंडहून आलेल्या संगीता ज्युडिथ केलर यांनी १९९० मध्ये ती सुरू केली. दिव्यांग आणि अन्य मुले तिथे एकत्र शिकतात, आणि पायांना आधार देणारी साधनेही तिथल्या कार्यशाळेत बनतात. वाढत्या मुलाचे असे साधन वरचेवर मापून बदलावे लागते. मापाला हात लागतात, पडदा पुरत नाही. जे दुरून होऊ शकते ते दुरून करावे, आणि त्यामुळे वाचलेली ताकद जे जवळूनच होते त्याकडे वळवावी, हाच दूरस्थ तंत्रज्ञानाचा रास्त उपयोग.

हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातात यांतले बरेच काही आहे. वर्गाच्या गटावर नोंदी पाठवायच्या तर त्या युनिकोडमध्ये पाठवता येतात. फोटो पाठवावाच लागला, तर त्यात काय आहे हे खाली दोन ओळींत लिहिता येते. चर्चेत बोलण्यापूर्वी आपले नाव सांगता येते, म्हणजे न पाहणाऱ्याला कोण बोलते ते कळते. फळ्यावर लिहिताना लिहिलेले वाचता येते. दूरून जोडलेल्या मित्राचा प्रश्न सर्वांसमोर पोहोचला की नाही, हे पाहता येते. यासाठी अनुदान लागत नाही, आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

सुखलालजींना वाचून दाखवताना मालवणिया स्वतःही शिकत होते. वाचणारा आणि ऐकणारा एकाच ग्रंथात होते. आजचे वाचन यंत्र करील, चित्र यंत्र नेईल, अंतर यंत्र कापील. पण ब्रह्माघाटावरच्या त्या घरात एका मुलीने हात वर केला आहे, हे वर्गात कुणाच्या तरी लक्षात यावे लागेल, आणि त्याने उभे राहून ते सरांना सांगावे लागेल.